लिलाबाईची कललेली केबिन

मी एक पत्र्याची केबिन बोलतेय. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, दोन खिडक्या, एक दार आणि पोटाखाली लोखंडी चौकट. मला घर म्हणायला गावातली माणसं अजून कचरतात. ‘लिलाबाईचा डबा’ म्हणतात. म्हणोत बापडी! जिथे दोन माणसं सकाळी भांडतात आणि दुपारी एका ताटात जेवतात, त्या जागेला घर नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

माझा जन्म जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये झाला. ठिणग्यांच्या पावसात म्हणा ना. वेल्डिंग करणारे दोघे कोपऱ्या-कोपऱ्याला गुण्या लावून बघायचे आणि काटकोनात केसाएवढा फरक दिसला तरी पुन्हा ठोकायचे. त्यामुळे मला लहानपणापासून आपण सरळ असल्याचा थोडा गर्व आहे. तो पुढे उतरला, ते सांगतेच.

पहिली नोकरी धुळ्याच्या रस्त्यावर. चौपदरी रस्त्याचं काम चालू होतं आणि मी साहेब लोकांचं ऑफिस होते. चार वर्षांत माझ्या भिंतींवर इतके फोन नंबर लिहिले गेले की विचारू नका. माणसाच्या खिशात फोन असतो, तरी नंबर तो भिंतीवरच लिहितो! तिथली जमीन कडक मुरमाची होती. मला एकदा टेकवलं ते टेकवलं, पाय कधी हलला नाही.

रस्ता झाला आणि माझी गरज संपली. पारोळ्याजवळ एका वाडग्यात, गुरांच्या आवारात, मी दोन वर्षं पडून होते. शेळ्या माझ्या सावलीला बसायच्या, गांधीलमाश्यांनी खिडकीत पोळं केलं. मग जुन्या केबिनींचा व्यापार करणारा बन्सीलाल आला. त्याने मला क्रीम रंग फासला आणि सगळे फोन नंबर झाकले गेले.

आणि एक दिवस लिलाबाई मला बघायला आल्या.

लिलाबाई म्हणजे एरंडोल तालुक्यातल्या एका गावच्या अंगणवाडीतल्या मदतनीस. तीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांची नाकं पुसली, खिचडी शिजवली, सरकारी खोलीचं कुलूप उघडलं आणि लावलं. निवृत्त झाल्यावर गावाच्या कडेला एक प्लॉट घेतला. त्यांचे यजमान मोतीलाल ट्रक ड्रायव्हर. तेही नुकतेच स्टिअरिंग सोडून घरी बसलेले. मोतीलालांना पक्कं बांधकाम हवं होतं. लिलाबाईंना वाट बघायची नव्हती. त्यांनी माझं दार तीनदा उघडलं, तीनदा लावलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाल्या, “हाईच पाहिजे. आते एक कुलूप मन्हं.”

एक तरी कुलूप स्वतःचं! तेव्हापासून मी त्यांची.

बन्सीलालने मला ट्रेलरवरून आणून सहा सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवलं. घाईत होता. “काकू, बसली बघा! आता शंभर वर्षं हलत नाही,” म्हणाला आणि गेला. खाली काळी माती होती. आमच्या खानदेशातली ही माती कापसाला सोन्यासारखी, पण घराला महाबिलंदर. पाणी प्याली की फुगते, वाळली की आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

पहिला उन्हाळा आला तशी मी तापले. पत्र्याचा जीव! पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. लिलाबाईंना माझी दया आली. खरंच सांगते, त्यांना स्वतःच्या घामापेक्षा माझ्या तापण्याची काळजी जास्त. त्यांनी मागच्या कोपऱ्याला, न्हाणीजवळ, केळीचा कंद लावला. “सावली पडी तुन्हावर,” असं मला म्हणाल्या. माणसाने माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. अंघोळीचं पाणी, भांड्याचं पाणी, तांदळाचं धुवण, सगळं त्या केळीला. केळ वर्षभरात माझ्या छतापर्यंत गेली आणि तिला चार पिल्लं झाली.

पावसाळ्यात सगळीच माती फुगली, तोवर काही कळलं नाही. दिवाळीनंतर बाकीची जमीन वाळून खाली बसायला लागली. केळीजवळचा कोपरा मात्र रोज पाणी पिऊन तस्साच वर. माझा एक पाय सुजल्यासारखा झाला आणि मी हळूहळू दाराच्या बाजूला कलले. एका दिवसात नाही हो, रोज केसभर. मला कळत होतं. पण पत्र्याला बोलता येत नाही, फक्त दुपारी कडकड वाजता येतं.

सगळ्यात आधी दार घासायला लागलं. मोतीलालांनी कानस आणली आणि दाराची कड घासली. महिन्याने पुन्हा अडकलं, पुन्हा घासली. बिचाऱ्या दाराचा काय दोष? पण माणसं अशीच. जे वाजतं त्याच्यावरच हात चालवतात.

मग लिलाबाईंना गरगरायला लागलं. पलंगावरून उठल्या की एका बाजूला जायच्या. तव्यावर घिरडं घातलं की पीठ एकाच अंगाला पळायचं, एक कड जाड आणि एक कड करपलेली. चाळीस वर्षं ज्या हाताने घिरडी घातली, त्या हाताकडे त्या बघत राहायच्या. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, कारण माझ्यासोबत माझ्या भिंती, खिडक्या, फळ्या सगळंच कललेलं. आत उभं राहिलं की सगळं एकमेकांशी सरळ. जळगावच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही. “वयाचं आहे,” म्हणाले.

नाशकाला कंपनीत असलेला मुलगा प्रशील. चांगला पोरगा. फोनवर म्हणाला, “आई, तुम्ही दोघं इकडेच या. बुद्ध पौर्णिमेला गाडी घेऊन येतो. केबिन बन्सीलाल परत घेईल.”

लिलाबाईंनी फोन ठेवला आणि खिळ्यावरचं कुलूप हातात घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मिळालेलं स्वतःचं कुलूप आता जाणार होतं आणि नाही म्हणायला तोंड नव्हतं. स्वतःच्या डोक्याचाच भरवसा उरला नाही, तर कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं?

फाल्गुनात एका सकाळी त्यांनी परातीत पाणी ओतलं, दाळ भिजवायला. पाणी एका काठाला टेकलं, दुसऱ्या काठाला अर्धं बोट खाली राहिलं. त्यांनी परात फिरवली. पाणी पुन्हा त्याच अंगाला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली. तिथेही तेच. मग अशी काही हाक मारली की मोतीलाल चहा टाकून धावत आले.

“पानी दखा! परात फिराई तरी पानी एकच अंगे जास. मन्हं डोकं फिरेल नही, घर वाकडं शे!”

बन्सीलालला फोन केला. तो म्हणाला, “काकू, क्रेन लागेल, चार माणसं लागतील. त्यापेक्षा सोडून द्या ना.” मोतीलालांना ते लागलं. “क्रेन कसाले? मन्हाजोडे ट्रकना जॅक शे. भरेल ट्रका उचल्यात मी, हाई तं डबी शे!”

डबी म्हणाले. पण त्या आवाजात इतकी माया होती की मी मनावर घेतलं नाही.

एरंडोलच्या दुकानातून पारदर्शक नळी आणली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुरेल एवढी लांब. तिच्यात पाणी भरलं. नळीचं एक टोक इकडे, एक टोक तिकडे, पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला थांबतं. गवंड्यांची ही जुनीच युक्ती. पाणी नीट दिसेना म्हणून लिलाबाईंनी त्यात कपड्यांची नीळ टाकली. पहिल्यांदा नळीत हवेचा बुडबुडा राहिला आणि हिशेबाने मी अर्धा फूट कललेली निघाले. मोतीलाल घाबरले. लिलाबाईंनी टिचक्या मारून बुडबुडा काढला, तेव्हा खरं माप कळलं. चार बोटं.

चार बोटं! काटकोनाचा माझा सगळा गर्व त्या दिवशी गळाला.

मोतीलालांनी दाराकडच्या कोपऱ्याखाली जाड फळी टाकली, तिच्यावर जॅक ठेवला आणि माझ्या लोखंडी चौकटीला टेकवला. एका वेळी बोटभरच उचलायचं, लगेच ठोकळ्यावर लाकडी पाचर ठोकायची, मग पुढचा पाय. लिलाबाई ओरडायच्या, “हात घालू नका खाले!” ते ओरडायचे, “तू नळी धर, मन्हा हात मी पाहस!” दोन दिवसांत मी सरळ झाले. घिरडं गोल झालं. लिलाबाईंचं गरगरणं गेलं. त्या गाणं गुणगुणत भांडी घासायच्या आणि ते पाणी केळीला टाकायच्या.

मी आतल्या आत म्हणत होते, बाई, तिकडे नको! पण ऐकतंय कोण?

ऊन वाढलं. सगळीकडची माती आक्रसली, तो एक कोपरा सोडून. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास लिलाबाईंना पुन्हा भोवळ यायला लागली. आणि आता सगळ्यांच्या मते घर तर सरळ केलेलं होतं. म्हणजे दोष त्यांचाच, नाही का? मोतीलाल एका दुपारी बाहेर, माझ्या भिंतीला टेकून, प्रशीलशी हळू आवाजात बोलले. “भाऊ, तुन्ही माय आते पहिलेसारखी नही राह्यनी. तू तिले लई जाय.” बोलताना त्यांनी डोळे पुसले. आत लिलाबाई ट्रंक भरत होत्या. लुगड्यांच्या घड्या घालता घालता त्यांचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

पौर्णिमेला आठ दिवस राहिले. मोतीलाल गावात गेले होते. लिलाबाई उठल्या, खुंटीवरची नळी काढली आणि नीळ टाकून पाणी भरलं. एक टोक त्यांनी मागच्या कोपऱ्याला खिळ्याला बांधलं, दुसरं घेऊन दाराकडे गेल्या. खूण केली, परत मागे आल्या, खूण केली, पुन्हा गेल्या. साठी ओलांडलेली बाई त्या उन्हात दहा वेळा इकडून तिकडे. नजर मात्र नळीवर पक्की. तीन बोटं! त्या तिथेच मातीत बसल्या आणि रडल्या. आपलं डोकं शाबूत आहे, याचं रडू होतं ते.

मोतीलाल आले तेव्हा त्यांच्या हातात कुदळ दिली. “आते नुसतं उचलू नका. खंदी दखा, खाले काय शे.”

दाराकडे खणलं तर माती दगड झालेली, कुदळ उडत होती. मागच्या कोपऱ्यात खणलं तर तिंबलेल्या कणकेसारखी मऊ, ओली. मोतीलालांनी तो गोळा हातात घेतला. लिलाबाईंनी गोळ्याकडे पाहिलं, न्हाणीकडे पाहिलं, मग केळीकडे.

“हाऊ उद्योग बी मन्हाच!” म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की मोतीलालही खड्ड्यात उभे राहून हसायला लागले.

पुढचे सात दिवस दोघं उजाडल्याबरोबर कामाला लागायची आणि ऊन चढलं की थांबायची. न्हाणीच्या पाण्याला ठिबकची जुनी नळी जोडून ते दूर कुंपणापर्यंत नेलं. केळीचे कंद काढून तिकडे लावले. माझ्या एकेका पायाखाली मुरूम लागेपर्यंत खणलं, दगड दाबून भरले, वर ठोकळे ठेवले. मोतीलालांची कंबर धरली. लिलाबाईंच्या तळहाताला फोड आले. माझ्यासाठी कुणी एवढं करेल, असं मला त्या वाडग्यात शेळ्यांच्या संगतीत कधी वाटलं नव्हतं.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी शेवटची पाचर बसली. दोन टोकांना दोघं. निळं पाणी हललं, डुललं आणि दोन्ही खुणांवर थांबलं. मग मोतीलाल नळी खाली ठेवून म्हणाले, “लिला, मी प्रशीलले फोनवर तुन्हाबद्दल कायबी बोलनू व्हतू.”

“माले माहीत शे,” लिलाबाई म्हणाल्या. “पत्रानी भित शे. बठ्ठं आयकू येस.”

दहा दिवस त्या बाईने ते शब्द पोटात ठेवले होते. मी लाजले. ते शब्द माझ्याच पातळ अंगातून आत गेले होते. मोतीलाल खाली मान घालून उभे राहिले. लिलाबाई त्यांच्याजवळ गेल्या, त्यांच्या केसांतली माती झटकली आणि म्हणाल्या, “चला, पेज ल्या. कंबर शेकी देस.”

दुसऱ्या दिवशी प्रशील गाडी घेऊन आला. ट्रंक रिकामी बघून त्याला काही कळेना. “आई, तयारी नाही केली?” लिलाबाईंनी त्याला खिरीची वाटी दिली आणि पूर्ण खोली चालून दाखवली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, नजर समोर, कुठेही हात न टेकता. मोतीलालांनी त्याला नळी लावून दाखवली आणि केळीचा सगळा घोळ सांगितला. जाताना त्याने आईच्या पायांना हात लावला आणि एकटाच गेला.

आता केळ नाही, तेव्हा माझी पश्चिमेची भिंत पुन्हा तापते. तिच्यावर हिरवी जाळी बांधली आहे, चालतं तेवढ्यात. दर महिन्याला नळी लावून दोघं मला तपासतात आणि मीही शहाण्यासारखी उभी असते.

तुमच्या घरात कुणी बाई म्हणत असेल की हल्ली माझा तोल जातो, माझा हात चुकतो, तर तिला डॉक्टरकडे जरूर न्या. पण परत आल्यावर एक काम करा. तिच्या डोक्याबद्दल फोनवर हळू आवाजात बोलण्याआधी, ती रोज जिथे उभी राहते ना, तिथे एकदा स्वतः अनवाणी उभे राहून बघा.