इस्त्रीच्या टेबलाची उंची

मी एक जुने इस्त्रीचे टेबल आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू रडगाणे गातात असे तुम्ही ऐकले असेल. माझे मात्र उत्तम चालले आहे. मला लॉन्ड्रीच्या मालकाच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी बनवले. ते बुटके होते, म्हणून माझे पायही आखूड. ते गेल्यावर मालकाने सगळी लॉन्ड्री बदलली, पण मला कोणाला हात लावू दिला नाही. "बाबांच्या मापाचं आहे ते," असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. त्या मापाचे इथे दुसरे कोणीच नाही, हे त्याच्या गावीही नसते.

माझ्यापुढे इस्त्री करणारी बाई, शिडी, उभी राहायची. उंच होती म्हणून धुलाईच्या बायकांनी तिला हे नाव ठेवले. माझ्यावर इस्त्री फिरवायला तिला कमरेतून पार वाकावे लागे. हॉटेलांच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, दिवसभर तेच. आमची खोली तळघरात, तिला एकही खिडकी नाही. ऊन शिडीला फक्त सुट्टीच्या दिवशी भेटले असते, पण सुट्टी ती झोपून काढी. दुपारी चहात पाव बुडवून खाई. दूध घरी मुलीसाठी ठेवी.

आधी तिची कंबर धरली. मग डाव्या पायात कळ उतरू लागली. डॉक्टरीणबाईंनी पाठीचा एक्स-रे फोटो काढला, तो तिने बल्बसमोर धरून बायकांना दाखवला.

"मणक्यांमधली चकती सरकून नस दाबतेय म्हणाल्या. सारखं वाकून वाकून. आणि हाडं आतून पोकळ व्हायला लागलीत. ऊन घ्या, दूध घ्या, टेबल उंच करून घ्या म्हणाल्या."

"ऊन कुठल्या दुकानात मिळतं गं?" एकीने विचारले आणि सगळ्या खो खो हसल्या.

तिने मालकाला गळ घातली. माझ्या पायांखाली एकेक वीट, बाकी काही नको. मालक दुखावला. "बाबांच्या टेबलाला विटा? उद्या म्हणशील, भिंतीवरचा त्यांचा फोटोही हलवा!"

त्याच आठवड्यात माझा एक पाय डुगडुगू लागला. दुपारच्या आत सुतार हजर झाला. त्याने पाचर ठोकली, मला तेल पाजले. मालक शेजारी उभा राहून पुन्हा पुन्हा विचारत होता, "आत काही बिघडलं नाही ना?" तेव्हा शिडीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मला फार आवडली.

पुढे ती खचतच गेली. ठिसूळ मणके पुढच्या बाजूने चेपले, पाठीला पोक आले, उंची घटली. बायकांनी तिचे नावही बदलले. कपडे टांगायचा असतो ना, तसा आकडा. आता तिला मुद्दाम वाकावे लागत नव्हते. मालक खूश झाला. "बघ, जमलं की नाही टेबलाशी?"

एके दिवशी ती शिंकली. फक्त शिंकली, मित्रांनो. तेवढ्याने एक मणका चिरडला आणि ती माझ्यावर आडवी झाली. हातातल्या इस्त्रीने चादर जळाली. मालक धावत आला. त्याने आधी चादर उचलून माझ्यावर डाग पडलाय का ते पाहिले.

आता ती अंथरुणात आहे. कूस बदलायलाही तिला माणूस लागतो. काल तिच्या जागी तिची मुलगी आली, तशीच उंच, दुधावर वाढलेली. आईने तिला बजावून पाठवले होते. तिने आल्या आल्या मालकाला तोंडावर सांगितले, "आधी टेबल उंच करा, मगच इस्त्री धरते."

"तुझी आई इतकी वर्षं राबली, कधी चकार शब्द काढला नाही," मालक म्हणाला. "नसेल जमत तर दार उघडं आहे."

ती दारापर्यंत गेलीसुद्धा. क्षणभर माझा जीव खालीवर झाला. पण आईची औषधे कोणी आणायची, हा विचार तिच्या मनात आला असावा. ती परत फिरली, तिने बाह्या सरसावल्या आणि ती कमरेतून वाकली.

वस्तूंची काळजी घ्या, असे तुम्हाला शाळेत शिकवतात. घ्या की. माझी घेतातच. या मुलीची कोणाला घ्यायची असेल, तर मालक जेवायला जातो तेव्हा चार विटा घेऊन या. संध्याकाळी घरी जाताना तिची पाठ अजून सरळ होते, तोवरच या. मला मात्र कसलीच घाई नाही.