चालत गेलेला दगड

बीबीच्या आठवडी बाजारात दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नसतो, हे शरयूला कुणी सांगितलं नव्हतं.

ती मेहकरहून रोज पहिल्या एस.टी.ने बीबीला शिकवायला यायची. गाडी सात वाजून पाच मिनिटांनी पोचायची आणि शाळा साडेसातला भरायची. मधली पंचवीस मिनिटं ती मोबाईलवर फोटो काढायची. हॉटेलच्या बाकावर पालथे घातलेले ओले ग्लास, सलूनच्या खुर्चीत झोपलेली मांजर, एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून निघालेला दुधवाला. या फोटोंवरून ती गोष्टी रचायची. नुसतं डोकं खाजवून तिला एक ओळ सुचत नसे. फोटो समोर असला की तीनशे शब्द यायचे. जिल्ह्याच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत तिचं सदर होतं: वर फोटो, खाली गोष्ट. पुरवणी सांभाळणारे वैजनाथ मजकूर गुरुवारी दुपारी दोनच्या आत मागायचे आणि दोन वाजून एक मिनिटाने फोन करायचे.

त्या दिवशी बाजार होता. सात वाजता मैदानात माणूस नव्हतं, नुसत्या खुणा होत्या. विटा, फुटकी घमेली, गंजलेला तेलाचा डबा, आणि फाटकाजवळच्या निंबाखाली जात्याचा खालचा दगड. कडेला टवका उडालेला, मधली खुंट्याची खळगी झिजून वाटीएवढी झालेली. वरचा दगड कुठेच नव्हता. शरयूला तेवढं पुरेसं होतं. हा दगड आपल्या जोडीदाराला शोधायला निघाला तर?

पण निंबाच्या सावलीत फोटो काळा यायला लागला. पंधरा पावलांवर, हातपंपाजवळ, कोवळं ऊन पडलं होतं. दगड गोल होता. तिने तो उभा केला आणि गडगडत उन्हात नेला. फोटो छान आला. तेवढ्यात शाळेची पहिली घंटा झाली. शरयू पळाली आणि दगड पंपाजवळ राहिला.

दहा वाजता मंजुळाबाई वांगी आणि मेथी घेऊन आल्या. जागेवर कडूबा बसलेला होता. समोर लसणाचा ढीग, शेजारी आल्याचं पोतं, आणि चेहऱ्यावर सण.

"ऊठ रे, कडूबा. माही जागा हाये ते."

"तुमची जागा तिकडं हाये, मावशी." त्याने पंपाकडे हात केला. "दगड जिथं, जागा तिथं. काल कुठं होता ते इचारायचं नाई. कोणाचं बोलणं हाये हे? मागच्या वर्साचं?"

बोलणं मंजुळाबाईंचंच होतं. मागच्या वर्षी कडूबाने आपला तेलाचा डबा चार दिवसांसाठी घरी नेला, तेव्हा त्याची फाटकाजवळची जागा गेली होती. त्या भांडणात मंजुळाबाईंनी साऱ्या बाजारासमोर हा नियम सांगितला आणि बाजाराने तो मान्य केला. मालकाने ठेवला तिथे दगड, आणि दगड तिथे जागा. त्या वेळी त्यांना तो फार आवडला होता.

आता त्या पंपाजवळच्या चिखलात बसल्या. फाटकाजवळ बसलं की एस.टी.तून उतरणारं प्रत्येक माणूस आधी त्यांची वांगी बघायचं. पंपाजवळ येणारी माणसं पाणी प्यायची आणि जायची. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा अर्धी टोपली घरी परत गेली. असंच चाललं तर वांगी लावायचीच कशाला, असं त्या घरी गेल्यावर सुनेला म्हणाल्या.

रविवारी पुरवणी आली. फोटोत दगड उन्हात चमकत होता. खाली गोष्ट होती: जात्याचा दगड एके सकाळी उठला, अंग झटकलं आणि आपल्या वरच्या दगडाला शोधायला निघाला. पंपापर्यंत आला, पाणी प्याला आणि विचार करत उभा राहिला.

पुढच्या बाजारी कडूबाने पेपर लसणाच्या ढिगावर पसरून ठेवला होता.

"पाहा," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होता, "पेपरात आलं हाये. दगड सोताहून गेला. आपला कोणाचा हात नाई."

मधल्या सुट्टीत शरयू डबा उघडत होती, तेव्हा शाळेच्या फाटकाशी मंजुळाबाई उभ्या दिसल्या. हातात पुरवणीचं पान होतं.

"हे तुमीच लिहून राह्यल्या का?"

"हो, मीच."

"मले वाचता येत नाई. नातीनं वाचून दाखवलं. लय चांगलं हाये." मंजुळाबाईंनी पान घडी केलं. "आता सांगा, माह्या दगडाले पाय कोठून फुटले?"

शरयूने डबा बंद केला. "मावशी, तो दगड मी सरकवला. फोटोसाठी."

मंजुळाबाईंनी पान पुन्हा उघडून फोटो पाहिला.

"काऊन बाप्पा?"

"सावली होती तिथे."

"सावली होती म्हणूनच तं म्या तिथं बसतो ना, मॅडम!"

शरयूने डबा तसाच ठेवला. दोघी बाजाराकडे निघाल्या.

बाजाराची पावती फाडणारे इंद्रभान निंबाखालीच होते. जागेचा तंटा झाला तर निकाल त्यांचा. शरयूने सगळं सांगितलं. मोबाईल काढला आणि दोन फोटो दाखवले. पहिला सात वाजून बारा मिनिटांचा, दगड निंबाखाली. दुसरा सात वाजून एकोणीस मिनिटांचा, दगड पंपाजवळ.

भोवती पंधरा-वीस माणसं जमली. एव्हाना लसूण कुणी घेत नव्हतं, मेथीही नाही.

"म्हंजे छापलेलं खोटं होतं का, मॅडम?" कडूबाने विचारलं.

"ती गोष्ट होती."

"गोष्ट म्हंजे खोटंच ना?"

"खोटं नाही. रचलेलं."

"अन् आता सांगून राह्यल्या ते कोण्या भावाचं? रचलेलं का खरं?" माणसं हसली. कडूबाला जोर आला. "इंद्रभानभाऊ, पोरांना शिकवणारी बाई पेपरात एक लिहिते अन् तोंडानं दुसरं सांगते. पहिल्या फोटोत दगड इथं हाये, हे मले मान्य. पण मंग तो मावशीनंच नेला नसंल कशावरून? म्याडम तं फोटो काढून राह्यल्या होत्या."

इंद्रभान पावतीपुस्तकाने गुडघ्यावर ताल धरून बसले. मालकाने नेला असेल तर जागा गेली. परक्याने नेला असेल तर नेणं धरायचं नाही. आणि परकी बाई स्वतःच कबूल करत होती. पण तीच बाई पेपरात दगड चालवत होती, हाही एक प्रश्न होता.

"साक्षीदार हाये का कोणी?" त्यांनी विचारलं.

सात वाजता मैदानात कुणीच नव्हतं. शरयूने तसं सांगितलं. मंजुळाबाई पंपाजवळ गेल्या. अकरा वाजत आले होते. दर बाजारी या वेळी त्या मेथीवर पाणी मारायच्या आणि उरलेलं दगडाच्या खळगीत ओतायच्या. भांडण असो वा नसो, मेथी सुकत होती. त्यांनी पाणी मारलं आणि उरलेलं खळगीत ओतलं.

त्याच वेळी फाटकातून लांड्या आत आला. लांड्या म्हणजे बाजाराचं कुत्रं. शेपूट अर्धी, एक कान खाली. पंपाखालचं डबकं काठोकाठ भरलं होतं. दगडाची खळगीही भरली होती. त्याने दोन्हींकडे ढुंकून पाहिलं नाही. गर्दीतून वाट काढत तो निंबाखाली आला, कडूबाच्या लसणासमोर बसला, आणि जीभ बाहेर काढून जमिनीकडे बघत राहिला.

शरयूने आधी फोटो काढला. मग तिच्या लक्षात आलं.

"कडूबाभाऊ, हा इथे रोज बसतो का?"

"मागच्या बाजारी बी बसला होता," कडूबा वैतागून म्हणाला. "तीनदा हाकललं, तीनदा आला. लसूण खाते का बे तू?"

"लसूण नाई खात," मंजुळाबाई पंपाजवळूनच ओरडल्या. "पाणी पेते! अकरा वाजता! तिथं! माह्या दगडात!"

कुणीतरी आधी हसलं, मग सगळेच. इंद्रभान हसले नाहीत. त्यांनी लांड्याकडे पाहिलं, मग पंपाकडे, मग पुन्हा लांड्याकडे.

"कडूबा, मावशीनं दगड सोता हलवला असता, तं या मुक्या जिवाले सोडून हलवला असता का? दर बाजारी त्याले पाणी पाजणारी बाई?"

कडूबाने डोकं खाजवलं. "नाई," तो शेवटी म्हणाला. "तेवढी वाईट नाई ते."

"मंग ऊठ."

"उठतो. पण माही एक अट हाये." त्याने ढिगावरचा पेपर उचलला. "दगड पेपरात गेला, तं पेपरातच वापस आला पाह्यजे. नाई तं उद्या कोणाचा बी दगड चालंल अन् कोणी बी हे पान दाखवंल."

इंद्रभानांनी मान डोलावली. "हे बराबर हाये. मॅडम, हलवला तुमी, वापस बी तुमीच आणा. सगळ्यांसमोर."

शरयूने पदर खोचला. त्या सकाळी हलका वाटलेला दगड आता जड होता, कारण आता पाण्याने चिखल झाला होता आणि वीस माणसं बघत होती. दोनदा तो आडवा पडला. पंधरा पावलांना चार मिनिटं लागली. शाळेची घंटा झाली तेव्हा दगड निंबाखाली होता, मंजुळाबाई त्यात पाणी ओतत होत्या, आणि लांड्या पीत होता. शरयूने चिखलाच्या हातांनी एक फोटो काढला आणि पळाली.

गुरुवारी दोन वाजून एक मिनिटाने वैजनाथांचा फोन आला.

"पुन्हा तोच दगड? गोष्टीला शुद्धिपत्र नसतं, शरयूताई."

"शुद्धिपत्र नाही. तो परत का आला, ते आहे."

वैजनाथांनी फोनवरच मजकूर वाचला. तीनशेच्या जागी तीनशे चार शब्द होते. दगड पंपापाशी विचार करत उभा असतो. जोडीदार मिळायला अजून किती गावं लागतील, याचा हिशेब त्याला जमत नाही. तेवढ्यात लांबून कुणीतरी आपली वाट बघतंय, असं त्याला दिसतं. वरचा दगड नव्हे, एक कुत्रं. दगड वळतो.

"चार शब्द कापतो," वैजनाथ म्हणाले. त्यांच्या बोलण्यात ही तारीफ होती.

रविवारी मंजुळाबाईंच्या नातीने तेही वाचून दाखवलं. "कुत्र्याचं खरं लिहिलं," बाजाराच्या दिवशी त्यांनी शरयूला सांगितलं. "पण माह्या वांग्याचं काऊन नाई लिहिलं?"

त्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शरयू मैदानातच होती. पंपाजवळ कडूबाचा गंजलेला डबा होता. झाकण नाही, कडेला एक भोक, आत पाऊण इंच पाणी आणि त्यात निंबाचं एक पान. पानावर मुंगी होती. पंपाची सावली नेमकी डब्यावर पडली होती. शरयू हात मागे बांधून वाकून बघत होती.

"उजेडात नेऊ का, मॅडम?" मागून कडूबा आला. आज तो लवकर आला होता, दाढी करून. "मी नेतो. मालक हाव."

"नको. असू द्या सावलीत."

तिने गुडघ्यावर बसून फोटो काढला. काळा आला. दुसरा काढला. कडूबा तिच्या खांद्यावरून मोबाईलमध्ये वाकला.

"मंग," त्याने हळूच विचारलं, "हा माहा डबा कोठं जाते?"

"कुठेच नाही," शरयू म्हणाली. "याच्याकडे कोण येतं, ते बघायचंय."

कडूबाने बाजूला पोतं अंथरलं आणि तोही बघत बसला.