दोन अक्षरांची जागा

छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्या चंद्रभानने खिळ्यांच्या केसमधला ‘ळ’चा खण बोटाने खरवडला आणि बोट ताराबाईंसमोर धरलं. बोटावर शिशाची काळी पूड होती. खिळा एकही नव्हता.

"संपले," तो म्हणाला. "पयल्या आठ पानात तुमचं बाळ बेचाळीस वेळा येते, बाई. आपल्यापाशी ळ हायेत छत्तीस. त्यातले चार शेतकी मंडळाच्या जाहिरातीत अडकून पडले. मंडळवाले म्हणतात, आमचा ळ काढला तं आमी मंड राहू."

ताराबाई हसल्या नाहीत. सकाळपासून त्या दारापासून यंत्रापर्यंत आणि यंत्रापासून दारापर्यंत चालत होत्या. छापखान्यात बसायला एकच स्टूल होतं आणि त्यावर त्यांचे यजमान हरिहरराव वकील टोपी मांडीवर ठेवून बसले होते, कोर्टात पुकारा व्हायची वाट पाहत असल्यासारखे.

अमरावतीत छापखाने नव्हते असं नाही. पण तिथल्या एका मालकाची फिर्याद हरिहररावांनी चालवली होती, दुसऱ्याविरुद्ध चालवली होती, आणि तिसऱ्याची बायको सासूबाईंच्या भजनात होती. म्हणून बडनेऱ्याला गाडी बदलून दोघं अकोल्याला आले होते. पुस्तक चौसष्ट पानांचं. नाव ‘सातवा महिना’. गेल्या वर्षी आश्विनात सातव्या महिन्यात बाळ गेलं, जन्मायच्या आधीच. त्यानंतर चार दिवस ताराबाई तापात होत्या, आणि ताप उतरल्यावर त्या जे लिहायला बसल्या ते श्रावणापर्यंत. सासूबाईंना वाटलं, सून जमाखर्च शिकतेय.

हरिहररावांनी लिहू नको असं म्हटलं नाही. छापू नको असंही म्हटलं नाही. हस्तलिखित मात्र त्यांनी दावा तपासावा तसं तपासलं. ‘त्या रात्रीपासून मला झोप नाही’ या ओळीशेजारी तांबड्या पेन्सिलीने ‘तारीख?’ असं लिहिलं. तारीख त्यांना पाठ होती. प्रकाशक म्हणून कोणाचं तरी नाव छापावं लागतं, सरकारात प्रती जातात, म्हणून ते आज आले होते. स्वतःचं नाव द्यायचं की नाही, हे त्यांनी अजून सांगितलं नव्हतं.

"नवे खिळे मागवा," ताराबाई म्हणाल्या.

"मागवले. मुंबईहून याले दोन महिने लागतीन. आठ दिवसांनी तुळशीचं लगन. मंग लगनपत्रिका सुरू. मालकाचा नियम हाय, लगनपत्रिकेच्या शेजारी असलं काही मांडाचं नाही. नवरीले बाधते म्हणे."

"मग चार-चार पानं छापा."

"तसं केलं तं तुळशीचं काय, होळी येते." चंद्रभानने हात धोतराला पुसले. "मी एक सांगू? बाळाच्या जागी दुसरा शब्द टाकू. फक्त तो दोन अक्षराचा पायजे. तीन अक्षरं टाकली का ओळ सरकते, ओळीमागं पान सरकते, आन मी रडत बसतो. मूल टाका. मूल दोन अक्षरं हाय."

"मूल नको."

"काहून?"

"मूल कोणाचंही असतं. शेजारणीचंसुद्धा."

"पोर?"

ताराबाईंनी नुसतं पाहिलं. चंद्रभानने पोर परत घेतलं.

"तारा," हरिहरराव स्टुलावरून म्हणाले, "अर्थात काही फरक पडत नाही. मूल हा शब्द व्यापक आहे."

"तुम्हांला नाही पडत."

त्या पुन्हा दारापर्यंत गेल्या. बाहेर कापसाच्या गाड्या सरकीच्या वासासकट जिनिंग कारखान्याकडे चालल्या होत्या. गाड्या संपेनात. त्या परत आल्या.

"मंग नावच टाका ना," चंद्रभान म्हणाला. त्याला आता खरंच उत्साह आला होता. "भटजी पंचांगात पाहून सांगते ना, च वरून ठेवा, ल वरून ठेवा? तसा मी केसमधी पाहून सांगतो. श कोणी वापरत नाही, ढीग पडला हाय. म बी हाय. र म्हणान तितके. ट ठ ड तं माझ्या बापाच्या वक्तापासून पडून हायेत, पण त्यावरून चांगलं नाव होत नाही. बोला, काय नाव होतं?"

"नाव नव्हतं."

"बारसं नाही झालं, ते मले मालूम हाय. ती पानं मीच जुळवली ना. पण मनात तं ठेवलं असन. पोराचं एक, पोरीचं एक. माझ्या घरची तं चार-चार ठेवते."

"चंद्रभान, कोणतं टाकू? मुलगा होता का मुलगी, मला माहीत नाही."

यंत्रावरचा माणूस थांबला. चंद्रभानने हातातली खिळे जुळवायची पट्टी खाली ठेवली.

"शुद्धीवर आले तेव्हा खोली सारवून झाली होती. सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, असं विचारू नये. म्हणून तर सगळीकडे बाळ लिहिलंय."

"शैला," हरिहरराव म्हणाले.

नाव शोधणारा माणूस आधी वर पाहतो, घसा खाकरतो, निदान थांबतो. ते थांबले नाहीत.

चंद्रभानने सवयीने केसकडे नजर टाकली. "बसते," तो हळूच म्हणाला, आणि कोणी ऐकलं नाही हे बघून त्याला बरं वाटलं.

ताराबाई यंत्र आणि दार यांच्या मधोमध उभ्या होत्या.

"मुलगी होती?"

"हो."

"तुम्ही पाहिलीत."

"मीच नेली ना. दुसरं कोण नेणार." हरिहरराव टोपीची कड बोटाने सरळ करत होते. ती सरळच होती. "नदीपर्यंत मी एकटाच होतो. वाटेत नाव ठेवलं. त्याला काही आधार नाही. म्हणजे असं नाव ठेवत नाहीत."

"वर्ष झालं."

"तू मला विचारलं नाहीस."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत."

"आई म्हणाली, मुलगी म्हटलं की चेहरा येतो. नुसतं झालं-गेलं राहिलं, तर लवकर विसरशील." त्यांनी टोपी पालथी केली. "मला नाही आलं विसरता."

ताराबाई जवळ आल्या. स्टुलाशेजारी कागदाचे गठ्ठे होते. त्यांवर त्या सकाळपासून पहिल्यांदा बसल्या.

"चंद्रभान, ती आठ पानं मोडा."

"मोडा? बाई, मी तीन दिवस..." त्याने यंत्रावरच्या माणसाकडे पाहिलं. त्या माणसाने मान दुसरीकडे वळवली. "दोनच तं अक्षरं बदलाची हायेत. आन आज मोडलं तं तुळशीच्या लगनाआधी काही होत नाही."

"होऊ द्या तिचं लग्न."

चंद्रभान जुळवून बांधलेल्या पहिल्या पानाची दोरी सोडायला लागला. ताराबाईंनी पिशवीतून कोरे कागद काढले आणि गुडघ्यावर ठेवले. मग पेन्सिल काढली.

"तिला केस होते?"

हरिहररावांनी हात स्वतःच्या कानापाशी नेला आणि बोटं थोडी खाली आणली.

"इतके."

"आणि कान? कान कोणावर गेले होते?"