सुई लागली की नाही

ताईचा अख्खा जन्म सुईत गेला होता. पडदे, सोफ्याची कव्हरं, गाद्यांचे अभ्रे, काय म्हणाल ते तिनं शिवलं होतं. बोलता बोलता, समोर न बघता ती सुईत दोरा ओवायची. बोटाला सुई टोचली तर बोट तोंडात घालून दुसऱ्या हातानं काम चालू ठेवायची. त्यामुळे दवाखान्यातल्या सिस्टरनं जेव्हा भाची मैनाचं इंजेक्शन कसं द्यायचं ते शिकवायला बोलावलं, तेव्हा ताई हसून म्हणाली होती, "सुईचं मला काय शिकवता? तुम्ही माझ्या भावाला शिकवा. त्याला बटण लावता येत नाही."

भाऊ फ्रेम बनवायचा. खाली रस्त्याच्या तोंडाशी त्याचं दुकान, वर ताईचं शिवणकाम आणि घर. मैना त्याची मुलगी. तिची आई ती रांगत असतानाच गेली आणि तेव्हापासून ताईनंच तिला वाढवलं. आता ती कॉलेज संपवून बापाच्या दुकानात गिऱ्हाईकं सांभाळत होती आणि गळ्यातली मोजपट्टी जेवतानासुद्धा काढत नव्हती. तिला फिट्स यायच्या. रोजच्या गोळ्यांनी त्या बऱ्याच आटोक्यात होत्या, पण मागच्या वर्षी एक फिट थांबेचना, तेव्हापासून डॉक्टरांनी घरात इंजेक्शन ठेवायला दिलं होतं. एका डबीत औषध भरून तयार असलेल्या दोन सुया. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर एक सुई मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरून दिली तरी चालते, पण सरळ आणि पुरती आत. दुसरी जपून ठेवायची, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. कारण याच औषधानं श्वास मंदावतो.

सिस्टरनं फोमच्या उशीवर करून दाखवलं. भावानं घाम पुसत पुसत तीनदा केलं. ताईची पाळी आली तेव्हा ती पाणी प्यायला बाहेर गेली. खरं कारण तिनं कोणाला सांगितलं नाही. कापडात सुई घालणं वेगळं आणि ज्या मांडीवर थोपटून पोरीला झोपवलं त्या मांडीत घालणं वेगळं.

त्या आठवड्यात मैनाचं पोट बिघडलं. खाल्लेलं ठरेना, पाणी ठरेना, आणि गोळ्याही ठरेनात. "गोळी घेतली की उलटते गं," ती आत्याला म्हणाली. ताईला वाटलं, पोट सुधारलं की होईल सगळं. भावालाही तसंच वाटलं. दवाखान्यात फोन करून विचारावं हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. दुपारी भाऊ एका ऑफिसात मोठी फ्रेम टांगायला गेला. मैना वरच्या कोचावर गोधडी ओढून पडली होती आणि ताई खिडकीपाशी पडद्याची पट्टी दुमडत होती.

"आत्या, तोंडाची चव विचित्र झालीय," मैना म्हणाली.

ताईच्या हातातली पट्टी तिथंच राहिली. फिटच्या आधी येणारी ही चव तिला माहीत होती.

पुढचं सगळं तिला शिकवल्याप्रमाणं आलं, निदान सुरुवातीला. तिनं मैनाला कुशीवर वळवलं, डोक्याखाली अभ्रा कोंबला, शेजारचं स्टूल लांब सरकवलं, तोंडात काही घातलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि "होतंय हं, होतंय, मी आहे," असं म्हणत बसली. मैनाच्या फिट्स बहुधा दोन मिनिटांत ओसरायच्या. अंग सैल पडायचं, मग ती घोरायची, मग उठून विचारायची, काय झालं.

या वेळी अंग सैल पडेना. दात करकर वाजत होते. एक हात कोचाच्या पाठीवर आपटत होता, एका लयीत, कोणी दार ठोठावावं तसा. काटा पाच मिनिटांच्या पुढं गेला.

ताईनं भावाला फोन लावला.

"थांबत नाहीये रे."

"डबी काढ. सुई दे. मी ॲम्ब्युलन्सला फोन करून निघतोच." त्याचा श्वास चढला होता. "ताई, देशील ना?"

"देते."

डबी कपाटाच्या वरच्या खणात होती. ताईनं टोपण उपसलं. आयुष्यभर ज्या बोटांनी तिला कधी दगा दिला नव्हता, ती बोटं परक्याची वाटायला लागली. मैनाची मांडी उसळत होती. मध्ये गोधडीची घडी, तिच्याखाली जाड झगा. ताईनं डोळे मिटले, सुई खुपसली आणि अंगठा दाबला. मैनाचा पाय जोरात झटकला गेला, सुई तिरकी होऊन बाहेर आली. ताईनं डोळे उघडले तेव्हा नळी रिकामी होती आणि झग्यावर एक ओला डाग पसरत होता.

औषध आत गेलं होतं की कापडानं पिऊन टाकलं होतं?

तिनं डागावर बोट ठेवलं. ओलं होतं. किती ओलं, ते कसं मोजणार? सगळं सांडलं असेल तर पोरीच्या अंगात काहीच गेलं नाही. थोडं सांडलं असेल तर बरंचसं गेलंय. आणि फिट तर चालूच होती. तिनं रिकामी सुई ॲप्रनच्या खिशात टाकली. का टाकली ते तिला कळलं नाही. लहान पोर फुटलेला कप लपवतं, तशी टाकली.

भाऊ जिना चढून आला तेव्हा त्याच्या शर्टाला भिंतीचा चुना लागलेला होता. तो मैनाजवळ गुडघ्यांवर बसला.

"दिलीस?"

"नाही," ताई म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि तिचं तिलाच नवल वाटलं. देता आली नाही, असं तिला म्हणायचं होतं. नीट नाही दिली, असं म्हणायचं होतं. बाहेर पडलं ते एवढंच.

डबीत हात घालून भावानं दुसरी सुई काढली. पहिली कुठं गेली हे बघायची शुद्ध त्याला नव्हती. त्यानं टोपण काढलं, गोधडी बाजूला सारली, झगा ताणून धरला. तीनदा शिकलेला हात होता तो. सरळ जाणार होता, पुरता आत जाणार होता. ताईला त्याचा अंगठा दिसला, आणि त्याच्यापलीकडे मैनाचे ओठ, निळसर पडलेले.

तिनं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"थांब. मी दिलीय."

"काय?"

"मघाशीच दिली. पण आत गेली की सांडली, ते मला ठाऊक नाही." तिनं खिशातली सुई काढून त्याच्यासमोर धरली. "हे बघ. आणि हा डाग."

भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. इतकी वर्षं एका छताखाली राहून त्यानं बहिणीकडे तसं कधी बघितलं नव्हतं. मग तो दबक्या आवाजात म्हणाला, "म्हणजे गेली नाही. फिट चालूच आहे ना? गेली असती तर थांबली असती."

"आणि गेली असेल तर?"

"तर काय! पोर हातची चाललीय ताई, सोड."

"नाही सोडणार. आधी ॲम्ब्युलन्सवाल्यांना विचार."

ती त्याच्यापेक्षा वयानं मोठी होती, अंगानं निम्मी. त्यानं हिसका दिला असता तर हात सुटला असता. त्यानं दिला नाही. सुईवर टोपण बसवून त्यानं ती जमिनीवर ठेवली आणि फोन लावला. ॲम्ब्युलन्सच्या केंद्रातल्या बाईचा आवाज खोलीभर ऐकू येत होता, शांत, शाळेतल्या बाईंसारखा.

"एक इंजेक्शन दिलंय, पण पुरतं गेलं की नाही खात्री नाही, बरोबर? मग दुसरं देऊ नका. गाडी तुमच्या रस्त्यात शिरतेय. कुशीवर ठेवा, हनुवटी जरा वर करा. छाती हलतेय का, ते मला सांगत राहा."

"हलतेय," भाऊ म्हणाला.

"पुन्हा सांगा."

"हलतेय."

वाट बघणं म्हणजे काय, ते ताईला त्या दिवशी कळलं. हात बांधून बसायचं, आणि आपण बसलोय म्हणूनच पोरगी मरतेय असं दर क्षणाला वाटत राहायचं. भावाची नजर परत परत जमिनीवरच्या सुईकडे जात होती. ताईनं पाय पुढं करून ती आपल्या झग्याखाली ओढून घेतली. मैनाचा आपटणारा हात मंद झाला, मग पुन्हा जोरात सुरू झाला. भाऊ "हलतेय, हलतेय" म्हणत होता आणि त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

गाडीतून दोघं आले, एक दाढीवाला आणि एक तरुण बाई. दाढीवाल्यानं आधी तेच विचारलं, "काय दिलंय? किती? कधी?"

ताईनं सांगितलं. सगळं, जसं झालं तसं. डोळे मिटले होते तेही सांगितलं. रिकामी सुई त्याच्या हातात दिली. त्यानं झग्याचा ओला भाग चिमटीत धरून बघितला.

"बरंच सांडलंय. पण अर्धंमुर्धं तरी आत गेलंय." तो सहकारी बाईकडे वळला. "आधी मास्क आणि श्वास द्यायचा फुगा जवळ घे. मग शीर धरू."

त्यांनी नाकातोंडावर प्राणवायू लावला, बोटाला चिमटा लावला, हाताची शीर धरली. औषध दाढीवाल्यानं एकदम दिलं नाही. थोडं द्यायचा, थांबायचा, बघायचा, पुन्हा थोडं. ताईला वाटलं, हा काय चवीचवीनं देतोय, ओत की सगळं एकदाचं. मग मैनाचा हात उसळता उसळता कोचावर पडला आणि तिथंच राहिला. दात सुटले. चेहरा मोकळा झाला.

"थांबली," भाऊ म्हणाला.

फिट थांबली होती. छातीही थांबली होती.

ताईनं ते सगळ्यांच्या आधी बघितलं. दाढीवाल्यानं मैनाचं डोकं मागं केलं, मास्क घट्ट धरला आणि फुगा दाबायला लागला. दाबला की छाती वर यायची, सोडला की खाली जायची. खोलीत दुसरा आवाज नव्हता. भाऊ भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला. ताई उभीच होती. मग कधीतरी, माणसं आशा सोडतात त्याच्या थोडं आधी, मैनानं आपणहून एक खोल, घरघरता श्वास घेतला. मग दुसरा.

"आली," तरुण बाई म्हणाली.

हॉस्पिटलात मैनाला शिरेतून फिटचं वेगळं औषध सुरू केलं. छातीला तारा चिकटवल्या, समोर पडद्यावर हिरवी रेघ. सलाइनच्या बाटलीत मिसळलेलं ते औषध थेंब थेंब जात होतं. ताईनं सिस्टरला विचारलं, "जरा भरभर नाही का जाणार?"

"भरभर गेलं तर रक्तदाब उतरतो, हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून तर ह्या तारा. हे सावकाशच द्यायचं, आजी."

"आजी नाही, आत्या."

"सावकाशच द्यायचं, आत्या," सिस्टर म्हणाली.

डॉक्टरीणबाई संध्याकाळी आल्या. पोटात काही टिकेपर्यंत गोळ्यांऐवजी औषध शिरेतूनच राहील, म्हणाल्या. आणि पुन्हा कधी उलट्यांनी गोळ्या पडल्या, तर घरात बसून राहायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा. मग त्यांनी भावाला बाजूला घेतलं. ताईला ऐकू आलं तेवढं असं, "तुमच्याजवळ ना मास्क होता ना फुगा. घरी दुसरं दिलं असतं तर आणखी अवघड झालं असतं." भाऊ मान हलवत होता.

तो बाहेर बाकावर तिच्याजवळ येऊन बसला.

"नाही का म्हणालीस?"

"घाबरले होते."

"घाबरलो तर मीही होतो. मी खोटं नाही बोललो."

ताईनं ॲप्रनचा रिकामा खिसा चाचपला. तो म्हणाला, "मी देणारच होतो. तू धरलं नसतंस तर दिलीच असती." आणि मग, "पण त्या 'नाही'चं मला अजून काही करता येत नाहीये, ताई. थोडे दिवस लागतील."

"लागू देत," ती म्हणाली.

मैना दुसऱ्या दिवशी सकाळी नीट शुद्धीवर आली. जिभेला जखम होती, बोलणं जड होतं. तिनं दोघांचे चेहरे बघितले, तारांकडे बघितलं आणि म्हणाली, "माझी मोजपट्टी कुठाय?" भाऊ हसला आणि लगेच उठून खिडकीपाशी गेला.

त्याच दुपारी ताईनं सिस्टरला गाठलं आणि उशी मागितली. मुद्दाम मैनाच्या खाटेशेजारी बसली. मैना आडवी पडून बघत होती. पहिल्यांदा हात थरथरला, दुसऱ्यांदाही. "हात थरथरला तरी चालतं," सिस्टर म्हणाली. "डोळे मात्र उघडे ठेवा. आणि पुरतं दाबलं की लगेच ओढू नका." ताईनं डोळे उघडे ठेवून इतक्या वेळा केलं, की शेवटी मैनाच कंटाळली. "आत्या, बिचाऱ्या उशीला आता फिट येईल."

मैना घरी आली. गोळ्या टिकायला लागल्या. भाऊ ताईशी बोलायचा, पण मोजकं, जेवण आणि कामापुरतं. डबीत नव्या सुया आल्या, आणि डबी कपाटातून निघून सगळ्यांचा हात पोचेल अशा फळीवर गेली. घर वरून पहिल्यासारखं दिसायला लागलं.

ताईला मात्र आवाज खायला उठत. खाली दुकानात फळी पडली, नळ ठिबकला, खिडकी आपटली, कोणी दार ठोठावलं की हातातलं काम टाकून ती आधी मैनाला शोधायची.

एका दुपारी मैना जेवून झोपली. ताई शिवण घेऊन तिच्या खोलीच्या उंबऱ्यात बसली होती. सुई थांबवून ती कान देत होती. बराच वेळ आतून काही ऐकू आलं नाही. ती उठली, चोरपावलांनी आत गेली आणि मैनाच्या छातीकडे वाकून बघायला लागली. हलतेय की नाही, पांघरुणात कळेना. ती आणखी वाकली.

"आत्या," मैना डोळे न उघडता म्हणाली, "मी झोपलेय गं. नुसती झोपलेय. तू जा बघू."

"जाते की," ताई म्हणाली.

मैना भिंतीकडे वळली. पांघरूण तिच्या पाठीवर हळूच वर गेलं आणि खाली आलं. ताई पलंगाच्या कडेला टेकली, आणि ते पुन्हा वर जाईपर्यंत तिनं स्वतःचा श्वास धरून ठेवला.