धुळाजीबाबाची गुळणी

सिरसाळ्याचा बाजार ऐन भरात होता, पण भाव करायला माणूस नव्हता. मिरचीवाली ढीग उघडा टाकून गेलती. न्हाव्यानं गिऱ्हाइकाची अर्धीच दाढी केलती, अन् ते गिऱ्हाईक तसंच, एका गालावर साबण घेऊन, लिंबाकडं पळालतं. कारण लिंबाखाली धुळाजीबाबा माणसाच्या पोटातले खडे काढत होते.

चाकू नाही, सुई नाही. रोग्याला घोंगडीवर उताणं पाडायचं, बाबानं त्याच्या पोटाला तोंड लावायचं, जोरात चोखायचं, रेड्यावानी डुरकायचं अन् पितळी ताटात थुंकायचं. टण्ण! लालभडक खडा. बाया हात जोडायच्या, गडी टोप्या काढायचे.

मंत्र मातर कधी कुणाला कळला नाही. बाबाच्या दोन्ही गालात सदानकदा विडा. मंत्र म्हणायचे तो असा : "ॐ ब्भ फ्फट श्वाभा." लोक सांगायचे, देव अंगात आला की जीभ जड होते. अन् खडे पडून ताट भरलं की तीच जीभ एकदम मोकळी. "बोला, आणखी कुणाला दुखणं हाय?" इतकं स्वच्छ की शाळामास्तरला बी जमणार नाही.

मी आश्रुबा. मोमिनाबादच्या, म्हणजे आपल्या अंबाजोगाईच्या, सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. निजामाचं राज्य, फसली तेराशे पस्तीसचं, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पंचवीसचं साल. दर बाजारी औषधाची पेटी घेऊन मी अन् नर्स मुक्ताबाई सिरसाळ्याला यायचो. मुक्ताबाई इथलीच. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, तर रडत बसायचं सोडून हैदराबादेत जाऊन नर्सचं काम शिकून आली. गावानं तिचं नाव ठेवलं 'आगाऊ'.

आदल्या साली तिच्या थोरल्या बहिणीच्या, दगडाक्काच्या, पोटात उजव्या अंगाला कळ उठली. बाबानं पाच दिवसांत नऊ खडे काढले. सहाव्या दिवशी दगडाक्का गेली. बाबा म्हणाले, "धाकटीच्या दवाखान्याचा इटाळ लागला."

मुक्ताबाई पोचली तवा खडे देव्हाऱ्यात ठेवलेले होते. तिनं ते उचलले, गरम पाण्यात धुतले. लाल रंग गेला अन् खाली राहिले ओढ्यातले साधे गोटे. तिनं एक माझ्या नाकाला लावला.

"आश्रुबा, कशाचा वास येतोय?"

"काताचा. विड्यातल्या."

"माझ्या बहिणीनं जन्मात इडा खाल्ला न्हाई." तिनं खडे एका बाटलीत भरले, बूच घट्ट लावलं. "ह्याला मी सोडणार न्हाई."

मी म्हणालो, "मी बी तुमच्यासंगं हाय."

तर त्या बाजारी घोंगडीवर होती गीताबाई, मोहनराव जमीनदाराची सून. मुक्ताबाईनं गर्दीतून वाट काढली, पोरीच्या कपाळाला हात लावला, मग पोटाला. उजव्या अंगाला बोट लागलं अन् पोर किंचाळली.

मुक्ताबाईचं तोंड उतरलं. ती मोहनरावांना म्हणाली, "काका, गाडी जुंपा. दगडाक्काचं दुखणं हेच होतं. आत्ता निघालो तर उद्या सकाळी डॉक्टरसायेब पोट उघडून बघतील. आणखी दोन दिवस गेले तर पोर हाताला लागायची न्हाई."

"पोट उघडून?" सासू छबुबाई कडाडली. "माझी सून काय पेटी हाय व्हय, उघडायला? बाबा नुसतं तोंड लावून काढतेत!"

मोहनराव मिशी चावत उभे. मुक्ताबाईनं बाबाच्या फुगल्या गालांकडं बघितलं. मग लई गोड आवाजात म्हणाली, "बरं, लावू द्या तोंड. पण पोरीला मी हात लावला, ती आता माझी रोगी झाली. माझ्या रोग्याला हात लावायच्या आधी हात धुवायचे, तोंड लावायच्या आधी तोंड. डॉक्टरसायेब बी धुतेत."

"रास्त हाय," मोहनराव म्हणाले. "चूळ भरायला काय जातंय?"

बाबांनी हात हलवले. "म्हंभ्राला फाणी श्यालत भाई!"

"काय म्हणतेत बे?" मोहनरावांनी मला विचारलं.

"बाबा म्हणतेत, लवकर आणा पाणी."

मी तांब्याभर पाण्यात लाल औषध टाकलं, पाणी गुलाबी झालं. बाबांनी चिमणीवानी घोटभर तोंडात घेतलं अन् थुंकायला जागा बघू लागले.

"असं न्हाई महाराज," मुक्ताबाई म्हणाली. "मान वर. आणखी वर. अन् आवाज आला पाह्यजे."

शंभर माणसं बघत होती. बाबांनी मान वर केली.

"गुळ्ळऽ गुळ्ळऽ गुळ्—"

आवाज बंद.

बाबांचे डोळे बाहेर आले. तोंड आधी लाल, मग वांग्यावानी. त्यांनी ताट उडवलं, घोंगडीवर आपटले, पाय झाडायला लागले.

"देव आला!" छबुबाई ओरडली.

झालं! बाया घुमायला लागल्या. एकानं नारळ फोडला, दुसऱ्यानं हलगी धरली. कुणीतरी बाबांच्या डोक्यावर मूठभर कुंकू टाकलं, ते डोळ्यात गेलं, बाबा आणखी तडफडले, तशी हलगी आणखी जोरात. इतका सुंदर देव बाबाला आजवर आला नव्हता. माणूस गुदमरून मरत होता अन् आमचं गाव ताल धरत होतं.

खोटं कशाला सांगू, मी मुक्ताबाईच्या कानात म्हणालो, "ऱ्हाऊ द्या बाई. देव आला म्हणतेत, येऊ द्या."

तिनं तांब्या दोन्ही हातांनी आवळून धरलता. ओठ पांढरे. एक श्वास घेतला, एवढंच. मग तांब्या माझ्या अंगावर फेकून ती बाबावर तुटून पडली.

"आश्रुबा, पाय धर! पालथा घाल!"

जवळच ज्वारीचं पोतं होतं. बाबाला त्याच्यावर पालथा टाकला, डोकं खाली, अन् मुक्ताबाईनं दोन खांद्यांच्या मधी असा धपाटा घातला की हलगी थांबली. दुसरा. तिसरा. चौथ्याला खडा उडाला अन् नेमका पोत्याशी येऊन पडलेल्या त्या पितळी ताटात.

टण्ण!

तोच आवाज. मागून विडा आला, विड्यामागं आणखी तीन खडे, अन् पाचव्या खड्याबरोबर बाबांची एक किडकी दाढ.

बाबांनी लांब श्वास ओढला अन् चांगल्या स्वच्छ मराठीत म्हणाले, "आई गंऽ, मेलो असतो की!"

घोंगडीवरून गीताबाईचा बारीक आवाज आला. "मामंजी, माझ्या पोटातले खडे बाबाच्या गालात कवा गेले?"

मोहनराव ताटाकडं बघत राहिले. मग ओरडले, "गाडी जुंपा बे!"

आता गर्दीला दुसराच देव आला. वहाणा निघाल्या, काठ्या वर झाल्या. अर्ध्या दाढीचा गडी तर न्हाव्याचा वस्तराच घेऊन पुढं. मुक्ताबाई बाबासमोर आडवी झाली.

"हटा मागं! नरडं सोलून निघालंय त्याचं, रगत येतंय. हा बी आता माझा रोगी हाय. माझ्या रोग्याला कोण हात लावतंय, बघू!"

"बाई, तुमच्या बहिणीला मारलं ह्यानं!"

"ते मला शिकवू नको. ह्याला बी गाडीत घाला."

बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मला हितंच ऱ्हाऊ द्या." मग त्यांनी गर्दीकडं एकदा बघितलं अन् गीताबाईच्याही आधी गाडीत चढून बसले.

डॉक्टरसाहेबांनी गीताबाईचं पोट उघडलं, आतड्याचा सडलेला तुकडा काढून टाकला अन् शिवलं. पोर वाचली. छबुबाईनं त्यात खडा होता का म्हणून तीनदा विचारलं. एक बी नव्हता.

बाबा चार दिवस खाटेवर. दर दोन घंट्यांनी मुक्ताबाई त्यांना चमच्यानं पेज भरवायची, ना गरम ना गार. अन् समोरच्या फळीवर तिनं ठेवलती ती नऊ खड्यांची बाटली. सिरसाळ्याचं कुणी बघायला आलं की म्हणायची, "आ करा महाराज. मोठा आ करा." लोक वाकून वाकून बघायचे. माझा तर तो दिवाळसणच होता.

दुसऱ्या दिवशी बाबा कुजबुजले, "बाई, भाईर कुणाला सांगू नका."

"ह्या खाटेवरची गोष्ट माझ्या तोंडून भाईर जाणार न्हाई. बाजारातली समद्या बाजारानं बघितली. तिला माझा इलाज न्हाई."

पण तिसऱ्या दिवशी ती स्वतःच डॉक्टरसाहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, त्याच्या गालात खडे हायेत हे मला ठाऊक होतं. तरी मी मान वर करायला लावली. ती बाटली बी मीच ठेवली, अन् आ बी लोकांसाठीच करायला लावत होते."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. "माणूस आपल्या हाताखाली असताना सूड काढायचा नाही, मुक्ताबाई. बाटली उचला, बघ्यांना बाहेर काढा, पेज चालू ठेवा."

तिनं बाटली उचलली, माझ्या हातात दिली. "फेकून दे." अन् पेजेचं भांडं घेऊन परत बाबाच्या खाटेशी गेली.

ती नर्स. तिचं ठीक. मी कंपाउंडर, अन् बाबा काही माझा रोगी नव्हता.

पुढच्या बाजारी मी ती बाटली त्याच लिंबाला टांगली. आत दगडाक्काचे नऊ, गीताबाईचे म्हणून बाबानं आणलेले अन् मी ताटातून उचललेले पाच, वर एक दाढ. कुणी विचारलं की सगळी कथा सांगतो, हलगीसकट. हलगी वाजवणारे तेवढे मान खाली घालतात.

धुळाजी आष्टीकडं गेलाय म्हणतात. आष्टीकरांनो, ओळख सोपी आहे, एक दाढ कमी. अन् तो नसला तरी दुसरा कुणी येईलच. पोटातून खडा निघताना दिसला तर आधी विचारा, तो पोटात गेला कुठून, अन् बाहेर यायला कातडीला भोक कुठं पडलं. बाबाचं बोलणं खड्याआधी कसं होतं अन् खड्यानंतर कसं झालं, ते कान देऊन ऐका. दुखणाऱ्या माणसाला गाडीत घालून दवाखान्यात न्या. अन् बाबाला तांब्याभर पाणी देऊन म्हणा, चूळ भरा महाराज.

मान वर करायला मातर सांगू नका. सगळ्याच बाजारात मुक्ताबाई नसते.