बर्फाची भोकं

मित्रांनो, प्रयोगशाळेत सगळे ज्याला 'एकडोळ्या' म्हणतात, तो जुना सूक्ष्मदर्शक मी. माझ्या दोन नेत्रभिंगांपैकी एक तडकलंय ना! उमेदीच्या काळात मोठमोठे डॉक्टर मला स्वतःच्या रुमालाने पुसत. मग शेजारच्या खोलीत लेसरवाला नवा सूक्ष्मदर्शक आला. यकृतातली चरबी कुठली, किती, हे तो रंगाशिवाय सांगतो. मला ती लाल रंगवून दाखवावी लागते. मी कोपऱ्यात धूळ खात पडलो.

एकदा लेसरवाला बिघडला, आणि अडला हरी माझ्याकडे आला. एका मुलीला आजारी वडिलांना आपल्या यकृताचा भाग द्यायचा होता. यकृतात चरबी फार असेल तर तो देता येत नाही. म्हणून तिच्या यकृताचा तांदळाएवढा तुकडा तपासायला आला. आमच्या तंत्रज्ञ ताई मायाळू. तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना यायला उशीर होता, म्हणून तुकडा टिकावा या भाबड्या हेतूने त्यांनी तो साध्या फ्रीजरमध्ये ठेवला. तिथेच घात झाला. तुकडा सावकाश गोठला की पेशींत बर्फाचे खडे धरतात आणि मागे पांढरी भोकं राहतात. चरबीच्या जागाही पांढऱ्याच दिसतात.

"निम्मं यकृत चरबीचं दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मॅडम, लाल रंग संपलाय. परवा येईल. थांबायचं का?" ताईंनी विचारलं.

"तिकडे सर्जन खोळंबलेत हो. नाही म्हणून कळवते."

मुलगी दारातच उभी होती. "अहो, माझ्या अंगावर मूठभर मांस नाही. चरबी कुठून येणार?"

"बारीक माणसांनाही होते, बाळ."

भोकांच्या कडा वेड्यावाकड्या होत्या. चरबीचा थेंब गोल गरगरीत असतो. मला ढळढळीत दिसत होतं, पण माझ्या तोंडात भिंग आहे, जीभ नाही. मी नुसता बघत राहिलो. इतकं लाचार मला कधीच वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रंग आला. ताईंनी त्या तुकड्याच्या उरलेल्या पातळ चकत्या रंगवून आधी स्वतः पाहिल्या. लाल ठिपके जेमतेम दोन! डॉक्टरीणबाईंनी मला डोळा लावला, तो बराच वेळ काढलाच नाही.

"ताई, त्या मुलीला फोन करा. तिचं यकृत चालेल म्हणावं."

"मगाशीच केला, मॅडम." ताई म्हणाल्या. "वडील सकाळीच गेले."

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण रिकामी जागा दिसली, तर ती कशाची आहे हे शोधल्याशिवाय कुणाला 'नाही' म्हणू नका.