चिरलेली बाजू खाली

धुरीच्या खोलीचं दार उघडलं आणि थोरली उंबऱ्यातच थबकली. खाली लाकडं धुमसत होती, वर आकड्यांना मासळी लटकत होती, पलीकडच्या दांडीवर मांसाचे लांबट तुकडे होते. सगळं जागच्या जागी. फक्त लाकडांची चिरलेली बाजू वर होती.

म्हणजे ही लाकडं तिने लावलेली नव्हेत. चिरलेली बाजू खाली, राखेत दाबलेली, आणि साल वर, ही तिची पद्धत. त्याने लाकूड भडकत नाही, गपगुमान धूर देत राहतं. डोळे बांधून लावायला सांगितलं असतं तरी तिने ती तशीच लावली असती. एरवी ती दुपारची झोप काढून येईपर्यंत लाकडांची राख झालेली असे; आज ती लवकर उठली होती.

ती तरातरा अंगणात आली. "कोण गेलं होतं गं धुरीत?"

धाकटी नळापाशी मासळी धूत होती. "कोणी नाही, ताई. मांजर शिरलं असेल."

"मांजर लाकडं उलटी करतं होय? मोठं गुणाचं दिसतंय!"

धाकटी हसली, पण मान वर केली नाही. थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. खोटं बोलणारं माणूस हातातल्या कामाकडे फार लक्ष देतं, हे तिला या वयात कुणी शिकवायला नको होतं.

या दोघी जावा. थोरलीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पुढच्या बाजूला दुकान, तिथे दीर बसायचा. स्वयंपाकघर धाकटीचं. आणि अंगणाच्या टोकाची ती काळीकुट्ट खोली थोरलीची. मासळी-मांस मिठात मुरवायचं, वाऱ्यावर सुकवायचं, दुपारी टांगून खाली लाकूड धुमसत ठेवायचं. गावभरातून लोक त्यासाठी यायचे. ही खोली होती म्हणून घरात तिच्या शब्दाला वजन होतं. ती गेली की आपण कोण? पंगतीतलं एक जास्तीचं ताट.

आणि कुणी म्हणेल, लाकडं तर लावायची, त्यात काय एवढं? तर तसं नव्हतं. लाकूडवाला सगळं मिसळून टाकायचा, आणि त्यात एक कडू जातीचं लाकूड हमखास असायचं. सुकलं की ते इतरांसारखंच दिसे, जळेही झकास, पण त्याच्या धुरावर केलेली मासळी तोंडात धरवत नसे. ते ओळखायचं ते फक्त वासावर. फोडायचं, नाकाशी न्यायचं, नको ते बाजूला टाकायचं. सासूने हे थोरलीला शिकवलं होतं. थोरलीने धाकटीला शिकवलं नव्हतं. का शिकवावं? आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायला?

पण न शिकवता शिकणारी माणसं असतातच की. धाकटी गरीब गाय दिसायची, पण तिचे डोळे सगळीकडे असायचे. गेल्या थंडीत थोरली तापाने अंथरुणाला खिळली तेव्हा धुरी हिनेच सांभाळली होती. तेव्हापासूनच पाणी मुरत असणार. तेव्हापासून हिचा स्वयंपाकही बदलला होता. मीठ-तिखट जिभेला लागायचं, पण मसाल्याचा पत्ता नसायचा. थोरलीने एकदा ताट सरकवून म्हटलंही होतं, "मसाला काय कुलपात ठेवतेस का?" त्यावर दीर बोटं चाटत म्हणाला होता, "वहिनी, आज तर मस्त झालंय!" बायकोचीच बाजू घेणार तो.

मग दुधाचं प्रकरण. थोरली चुलीकडे पाठ करून भाजी निवडत होती आणि दूध उतू जाऊन करपलं. धाकटी अंगणातून धावत आली. "ताई, अहो, घरभर वास सुटलाय!" जसं काही थोरलीने मुद्दाम जाळलं. स्वतःच आच मोठी करून गेली असणार, थोरलीला वेंधळी ठरवायला.

आणि आता खानावळवाला. जुना गिऱ्हाईक, आधी सरळ मागे थोरलीकडे यायचा. हल्ली दुकानातच धाकटीशी कुजबुजून परत जायचा. त्याच दिवशी संध्याकाळी थोरली दाराआड उभी राहिली. तो म्हणत होता, "आता ठीक आहे बघा. मागचं मात्र..." तेवढ्यात धाकटीने त्याला बोटाने गप्प केलं आणि मागच्या दाराकडे पाहिलं.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागचं मात्र काय? मागचं म्हणजे थोरलीच्या हातचं! गिऱ्हाइकाचे कान भरून झाले होते, आता नवऱ्याचे भरले की संपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने नेहमीसारखी लाकडं लावली, धूर धरल्यावर जांभई देत म्हणाली, "मी पडते गं जरा." आपल्या खोलीत गेली, दार आपटलं, आणि मागच्या बाजूने चोरपावलांनी परत येऊन धुरीत मिठाच्या पोत्यांमागे बसली. आपल्याच धुरीत चोरासारखं बसायची वेळ आली, याचंच तिला रडू येत होतं. गुडघे दुखत होते, डोळे चुरचुरत होते. पण आज सोक्षमोक्ष लावायचा होता.

फार वाट पाहावी लागली नाही. दार किलकिलं झालं आणि धाकटी आत आली. तिने चिमट्याने एकेक लाकूड राखेतून ओढलं, जळती टोकं राखेत विझवली, मग वाकून नाकाशी धरलं. काही परत ठेवली, काही भिंतीशी टाकली आणि ओच्यातून आणलेली दुसरी त्या जागी लावली. चिरलेली बाजू वर.

"सापडलीस!" थोरली पोत्यांमागून उठली. "सापडलीस की नाही! भाऊजी! अहो भाऊजी, इकडे या आधी!"

धाकटीच्या हातून चिमटा पडला. दीर धावत आला, खोकत आत शिरला. "काय झालं? आग लागली का?"

"आगच लागली आहे. विचारा तुमच्या बायकोला, माझ्या माघारी इथे काय करते!"

"काय करत होतीस गं?"

धाकटीने एकदा थोरलीकडे पाहिलं. मग खाली पाहत म्हणाली, "भूक लागली होती. मासळीचा तुकडा काढायला आले होते."

"चोरून?" दीर ओरडला. "घरात खायला मिळत नाही का तुला? गिऱ्हाइकाचा माल तो! लाज नाही वाटत?"

"चुकलं माझं," ती म्हणाली.

थोरलीला वाटलं होतं त्याहून हे सोपं निघालं. धाकटी चोर ठरली होती, तीही नवऱ्यासमोर. आता पुढची कितीतरी वर्षं ही खोली थोरलीची. पण पोरीने मासळीला हात कुठे लावला होता? चोरी केलीच नाही, तर कबूल कसली करतेय ही?

"नाटकं पुरे," थोरली म्हणाली. तिने भिंतीशी पडलेली लाकडं उचलली आणि पुन्हा विस्तवावर टाकायला वाकली.

"नका, ताई!" धाकटीने तिचा हात धरला. "ती नका घालू. पाया पडते तुमच्या."

थोरली सरळ झाली. मग तिने हातातलं लाकूड नाकाशी नेलं. काही नाही. धाकटीने ठेवलेल्यांतलं एक उचललं, हुंगलं. काहीच नाही. वर टांगलेली मासळी तोंडासमोर होती, खोली धुराने भरलेली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि नाकात जसा काही कापूस कोंबलेला. तिने टाकलेल्या लाकडाची एक ढलपी नखाने सोलली आणि दातांखाली धरली.

कडू जहर.

ती थुंकली. आणखी एक लाकूड घेतलं, त्याचीही ढलपी चावली. तेही तसंच. सगळी तिनेच निवडलेली, तिनेच लावलेली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

धाकटी रडत होती. "तुमच्या तापानंतर. खानावळीचा सगळा माल परत आला होता. मी त्यांना म्हटलं, माझ्याच हातून बिघडला."

"मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू, ताई? तुम्हाला दुसरं काय आहे?"

ते इतकं खरं होतं की थोरलीला रागही आला नाही. तिने हातातलं लाकूड भिंतीशी ठेवून दिलं.

"वहिनी, काय चाललंय हे?" दीर भांबावून दोघींकडे पाहत होता. "तुकडा घेतला तर घेतला. मी बोलतो हिला. तुम्ही त्रास करून घेऊ नका."

इथे गप्प राहिली असती तरी चाललं असतं. धाकटी काही बोलणार नव्हती. उद्या दुपारी थोरली जांभई देऊन आपल्या खोलीत गेली असती आणि सगळं सुरळीत चाललं असतं.

"तिने काही घेतलेलं नाही, भाऊजी," थोरली म्हणाली. "मला वास येत नाही. कशाचाच. मी कडू लाकूड लावते आणि ही काढते. उद्यापासून धुरी हिची."

"ताई, असं काय करता? आपण दोघी मिळून..."

"मीठ मी लावीन. आणि आता रडत बसू नकोस, इथे धूर कमी पडतोय. ती लाकडं पालथी कर आधी. चिरलेली बाजू खाली. एवढं पाहून शिकलीस, हे नाही दिसलं?"

ती बाहेर आली, नळावर तोंड धुतलं आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. जीभ अजून कडू होती. भर दुपारी पायरीवर बसायची तिला सवय नव्हती. हातांचं काय करावं कळेना, म्हणून ते मांडीवर ठेवले. रस्त्यावरून चाललेली एक बाई पिशवी सावरत थांबली.

"अहो मावशी, काय घमघमाट सुटलाय हो! पार कोपऱ्यापर्यंत येतोय."

थोरलीने एक लांब श्वास घेतला आणि सोडला.

"माझ्या धाकट्या जावेचा हात आहे," ती म्हणाली. "बसा थोडं. व्हायला वेळ आहे अजून."